हिमानीचा एफएमईए

शोभना : गाडीच्या सीटला करतात ते तुम्ही पोटच्या मुलीला केलंत?

प्रल्हाद : सीटला नाही. सीटच्या रिक्लायनरला. पाठ मागे घेतो ना आपण, तो खटका.

शोभना : मग ठीक आहे. मला वाटलं अख्ख्या सीटला.

प्रल्हाद : अगं, पद्धत आहे ती. डेट्रॉइटच्या आसपास साधा बोल्टसुद्धा एफएमईए केल्याशिवाय कारखान्याबाहेर पडत नाही. काय बिघडू शकतं ते आधीच लिहून काढायचं. बिघडलं तर किती वाईट, बिघडायची शक्यता किती, आणि गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी आपल्याला कळेल का. तिन्हींना दहापैकी आकडे द्यायचे आणि गुणायचे. गुणाकार मोठा आला की तिथं धोका.

शोभना : बाकीचे लोक मुलांना समोर बसवून विचारतात, बाळा, तुला काय करायचंय.

प्रल्हाद : आपल्या विनयनं विचारलं होतं मुलाला. त्याचा मुलगा आता फिलॉसॉफी शिकतोय.

शोभना : खुशीत आहे तो.

प्रल्हाद : तो आहे. विनयकडे बघ जरा.

शोभना : बघायला वेळ नाही मला. चार वाजता हॉलवर पोचायचंय, हिच्या नाचाच्या साडीची ही एक चुणी इस्त्रीनं काही केल्या बसत नाहीये, आणि श्रीराम भावजींचे दोन फोन येऊन गेले. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात यंदा बारावी होणाऱ्या मुलांचे सत्कार आहेत. हिमानीच्या नावापुढे काय वाचू, सहावालं की आठवालं, असं विचारत होते.

प्रल्हाद : तो पुन्हा खात्री करत असेल. मी सहा सांगितलंय त्याला.

शोभना : कधी?

प्रल्हाद : परवा. किराण्याच्या दुकानापाशी, पार्किंगमध्ये. तो भेंडी घेऊन चालला होता, म्हणाला मुलीचं काय ठरलं. मग सांगावंच लागलं.

शोभना : श्रीराम भावजींना सांगितलंत म्हणजे नोव्हायातल्या सगळ्या मराठी घरांना सांगून झालं. राहिली एकटी हिमानी.

प्रल्हाद : तिला आता सांगतोच आहे. उद्या पहिली मे. उद्या एकीकडे हो आणि दुसरीकडे नाही कळवायचं. म्हणून तर काल बसून सगळं व्यवस्थित मांडलं. हिमानी, ये गं खाली. लॅपटॉप आणलाय डायनिंग टेबलवर.

हिमानी : आय ॲम हिअर, बाबा. मी कधीची पायरीवर बसलेय. रिक्लायनरपासून.

शोभना : मग बोलायचं नाही का.

हिमानी : तुमचं दोघांचं छान चाललं होतं.

प्रल्हाद : बस. हे बघ, मी कुठलंही कॉलेज वाईट म्हणत नाही. दोन्हीकडे मेडिकलची सीट तुझ्यासाठी राखून ठेवलेली आहे. दोन्हीकडून शेवटी एम.डी.च होऊन बाहेर पडणार तू. सहावालं म्हणजे हायस्कूल संपलं की सरळ आत, सहा वर्षांत डॉक्टर. आठवालं म्हणजे चार वर्षं कॉलेज आणि मग चार वर्षं मेडिकल. जिथं जायचंय तिथं एक रस्ता सरळ जातोय. दुसरा जणू शिकागोला वळसा घालून जातोय.

हिमानी : शिकागोला मजा येते पण.

प्रल्हाद : येते. पण तू डॉक्टर व्हायला निघाली आहेस, मजेला नाही.

हिमानी : ओके. दाखवा मला. ही पहिली ओळ काय आहे? ‘बर्फात एकटी ड्राइव्ह करणे.’

प्रल्हाद : सहावालं नऊ तास लांब आहे. तू तिकडून ड्राइव्ह करणारच नाहीस, विमानानं येशील. म्हणून धोका कमी. आठवालं तीन तासांवर आहे, म्हणजे तू दर शनिवारी गाडी काढशील.

हिमानी : म्हणजे जवळ आहे म्हणून डेंजरस.

प्रल्हाद : स्टॅटिस्टिकली.

शोभना : ‘लग्नाचं वय’ ही ओळ मी काढायला लावलीय, तेवढं श्रेय मला दे.

हिमानी : थँक्स, आई. आणि हे काय? ‘बॉयफ्रेंड.’ बाबा. सहावाल्यात शक्यता दोन आणि आठवाल्यात सात?

प्रल्हाद : सहावाल्यात वेळच नाही गं. उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा नाही.

हिमानी : आणि आठवाल्यात?

प्रल्हाद : चांगलं कॉलेज आहे ते.

शोभना : हसू नकोस, हिमानी. तो सात मी पाच करून घेतला होता. यांनी परत सात केलेला दिसतोय.

हिमानी : बाबा, एक विचारू? तुमच्या ऑफिसमध्ये हे असं एकटा माणूस बसून करतो का?

प्रल्हाद : छे. टीम बसते. डिझाइनवाले, क्वालिटीवाले, आणि असेंब्ली लाइनवर जो प्रत्यक्ष काम करतो तोही लागतो. त्याला न घेता केलं तर ऑडिटवाला फाडून फेकून देतो.

हिमानी : मग ह्या टीममध्ये कोण होतं?

प्रल्हाद : मी. आणि तुझी आई, पोळ्या करताना.

हिमानी : आणि मी?

प्रल्हाद : तू टीममध्ये कशी असशील? तू पार्ट आहेस.

शोभना : अहो.

प्रल्हाद : म्हणजे, ज्याचा एफएमईए चाललाय त्याला पार्ट म्हणतात. त्यात काही अपमान नाहीये.

हिमानी : नाही वाटला. ही शेवटची ओळ पण मी बघितली नव्हती. ‘मन बदलणे.’

प्रल्हाद : ती घालावीच लागते. शास्त्र म्हणून.

हिमानी : किती वाईट, ह्याला नऊ. म्हणजे खूपच वाईट.

प्रल्हाद : सहावाल्यात मधूनच बाहेर पडलं तर धड ना इकडचं ना तिकडचं. डिग्रीही हातात नसते. म्हणून नऊ. मी लपवलेलं नाही काही.

हिमानी : शक्यता, एक.

प्रल्हाद : तू तशी नाहीस. लहानपणापासून म्हणतेस डॉक्टर व्हायचंय. इंटरव्ह्यूत किती सुंदर सांगितलंस, नागपूरला आजोबांना हार्ट अटॅक आला, तेव्हा ठरवलं म्हणून. त्या डायरेक्टर बाई मला बाहेर येऊन म्हणाल्या, तुमच्या मुलीचं फार मनापासून होतं.

हिमानी : बाबा, आजोबांना ॲसिडिटी झाली होती.

प्रल्हाद : छातीत दुखत होतं त्यांच्या.

हिमानी : सोडा प्यायले आणि पत्ते खेळायला गेले. मी तिथंच होते. हार्ट अटॅक त्यांना ॲडमिशनच्या निबंधात आला.

शोभना : मी हार्ट अटॅक लिहिलं नव्हतं. ‘हृदयाचा त्रास’ लिहिलं होतं. इंग्लिशमध्ये करताना तू वाढवलास तो.

हिमानी : ओके, मी वाढवला. आणि त्या बाईंनी विचारलं, किती ब्लॉकेजेस होते. मी म्हटलं, मी फार लहान होते, मला फक्त आजीचा चेहरा आठवतो. मग थोडी रडले. दे लव्हड इट.

प्रल्हाद : रडलीस?

हिमानी : थोडी. जास्त केलं असतं तर फेक वाटलं असतं.

शोभना : आजोबांना यातलं काही कळवायचं नाही हं कुणी. ते अजून रोज चार किलोमीटर चालतात.

प्रल्हाद : ठीक आहे. निबंधात थोडं इकडंतिकडं होतंच. आकड्याला त्यानं काही होत नाही.

हिमानी : मग हा तिसरा आकडा. आधी कळेल का. ह्याला तुम्ही एक दिलाय. एक म्हणजे काय, मला नीट सांगा.

प्रल्हाद : लगेच कळत असेल तर एक. अजिबात कळणार नसेल तर दहा. रिक्लायनरचा खटका आतून तुटला आणि बाहेरून सीट छान दिसतेय, तर दहा. ते सगळ्यात वाईट. तुझं कळायला काय अवघड आहे? तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. म्हणून एक. नऊ गुणिले एक गुणिले एक, नऊ. हजारात नऊ. नसल्यासारखंच.

हिमानी : नाही दिसत, बाबा.

प्रल्हाद : काय?

हिमानी : तोंडावर. नाही दिसत माझ्या.

प्रल्हाद : अगं, दोन महिन्यांची होतीस तेव्हापासून मी ओळखतो, कान दुखतोय की भूक लागलीय.

हिमानी : तेव्हा ओळखत असाल. मला ते एकचं दहा करून पाहिजे.

शोभना : का गं?

हिमानी : कारण... आई, तू ती इस्त्री बंद कर ना आधी.

शोभना : चुणी राहिलीय. बोल तू, ऐकतेय मी.

हिमानी : मला भरतनाट्यम आवडत नाही.

शोभना : आज कंटाळा आला असेल. रात्रभर जागतेस त्या कंप्युटरवर.

हिमानी : आज नाही. फिफ्थ ग्रेडपासून.

प्रल्हाद : फिफ्थ ग्रेडपासून काय?

हिमानी : आवडत नाही. लतिका मावशीच्या नाचाच्या क्लासला दर शनिवारी जाताना मी गाडीत रेड सिग्नल मोजायचे, जास्त लागावेत म्हणून. पहिली दोन वर्षं आवडलं मला, खरंच. मग नाही आवडलं.

शोभना : तुझं अरंगेत्रम झालं मागच्या ऑगस्टमध्ये. अडीच तास नाचलीस. तीनशे माणसं होती. नागपूरहून सुमित्रा आत्या आल्या, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून.

हिमानी : आय नो.

शोभना : शेवटी भाषणात तू म्हणालीस, नृत्य हा माझा श्वास आहे.

हिमानी : ते लतिका मावशीकडे सगळ्याच मुली म्हणतात. टाइप केलेलं असतं.

प्रल्हाद : पण तू हसत होतीस गं. माझ्याकडे व्हिडिओ आहे. पूर्ण वेळ हसत होतीस.

हिमानी : तेच तर शिकवतात, बाबा.

शोभना : मग एकदा म्हणायचं. एकदा. मी काय मारलं असतं तुला?

हिमानी : नाही. तू काहीच म्हणाली नसतीस. तू म्हणाली असतीस, बरं. आणि मग त्या शनिवारी काय करायचं ते तुला कळलं नसतं. तुला लहानपणी शिकायचं होतं ना पुण्यात, आणि पुण्याची आजी नाही म्हणाली. मी स्टेजवर असते तेव्हा तू पहिल्या रांगेत बसून माझ्याबरोबर हात हलवतेस. छोटे छोटे, पर्सच्या मागे. मला वरून दिसतं ते. कसं सांगणार?

शोभना : मी हात हलवते?

प्रल्हाद : हलवतेस.

शोभना : तुम्हाला माहीत होतं?

प्रल्हाद : ते माहीत होतं. बाकीचं नव्हतं.

(शोभना इस्त्रीचं बटण बंद करते आणि खुर्ची ओढून बसते.)

शोभना : मग आज नाचू नकोस. मी फोन करते श्रीराम भावजींना, पाय मुरगळला म्हणून.

हिमानी : आई, परत खोटं नको. आज करते मी. पत्रिकेत छापून आलंय, आणि सहाच मिनिटांचं आहे. मी रागावलेली नाहीये. मी फक्त सांगतेय की मला हे करता येतं. वर्षानुवर्षं. तुम्हाला वाटतं मी कंटाळले तर तुम्हाला कळेल. नाही कळणार. मी सहावाल्यात गेले आणि तिसऱ्या वर्षी मला ते नको झालं, तर मी फोनवर म्हणेन, छान चाललंय. मार्क पण छान मिळतील. मी डॉक्टर होईन, आणि तुम्ही व्हिडिओ काढाल.

प्रल्हाद : तुला डॉक्टर व्हायचं नाही, असं म्हणायचंय का तुला? सरळ सांग. मी घेईन ऐकून.

हिमानी : तसं नाही म्हणत मी. मला आवडतं. दर रविवारी हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअर करते ना, तिथं एक पटेल आजी होत्या, हिपचं ऑपरेशन झालेल्या. त्यांना मी दर खेपेला उठून तीन पावलं चालायला लावायचे आणि त्या मला गुजरातीत शिव्या द्यायच्या. त्या घरी गेल्या त्या दिवशी मी खूप खूश होते. ते खरं होतं, बाबा. मला वाटतं मला डॉक्टर व्हायचंय. पण मी सतरा वर्षांची आहे, आणि माझं ‘मला वाटतं’ कुठलं खरं आणि कुठलं छान म्हटलेलं, ते मलाच कधी कधी कळत नाही.

प्रल्हाद : आणि आठवाल्यात ते कळतं?

हिमानी : आठवाल्यात चार वर्षं झाली की ते विचारतात. सीट आहे, तुम्हाला अजून पाहिजे का? नको म्हटलं तर कॉलेजची डिग्री घेऊन घरी. कुणी ओरडत नाही. सहावाल्यात कुणी विचारतच नाही परत. मला एवढंच पाहिजे. परत एकदा विचारलेलं.

शोभना : चार वर्षं. तेव्हा तू एकवीस, बाविसाची.

हिमानी : हो. तेव्हा मला जरा येत असेल खरं बोलायला.

प्रल्हाद : हे बघ. मी हे सगळं का करतो ते तुला माहीत नाही.

हिमानी : माहीत आहे.

प्रल्हाद : नाही, ऐक. ऑफिसात आमच्या मजल्यावर राजाराम होता. माझ्याआधी आला अमेरिकेत. सीटमधलं त्याला सगळं यायचं, मला त्यानंच शिकवलं. गेल्या मार्चमध्ये सकाळी अकराला त्याला आत बोलावलं, आणि बाराला तो पार्किंगमध्ये खोका घेऊन उभा. खोक्यात त्याच्या मुलांचा फोटो आणि एक कुंडी. बर्फ पडत होतं, कुंडीवर आपली टोपी घातली होती त्यानं. मी खिडकीतून बघत होतो. खाली गेलो नाही. आता कुणाला कधी बोलावतील, काही नेम नाही. डॉक्टरला असं कुणी खोका देत नाही. म्हणून मला वाटतं, जितक्या लवकर तू त्या दाराच्या आत जाशील... दोन वर्षं म्हणजे मला दोन वर्षं नाही वाटत गं. दोन हिवाळे वाटतात.

हिमानी : तुम्ही राजाराम काकांचं सांगितलं नाहीत कधी.

प्रल्हाद : काय सांगायचं त्यात?

शोभना : मलाही नाही सांगितलंत. मी म्हणत होते, सुनंदा वहिनी भिशीला का येत नाहीत.

हिमानी : मग तुम्हाला पण दहाच, बाबा.

प्रल्हाद : मला कशाला? मी पार्ट नाही.

शोभना : आहात. फक्त वॉरंटी संपलेला.

प्रल्हाद : आठवालं घेतलं तर लोक काय म्हणतील माहीत आहे? सहावाल्यांनी हिला घेतलंच नाही, म्हणून आठला गेली.

शोभना : म्हणतील. आणि श्रीराम भावजी स्वतः माइकवरून म्हणतील.

प्रल्हाद : मला तेवढं चालेल, असं मी म्हणत नाहीये. चालणार नाहीच मला. पण घेईन मी सहन करून. हिमानी, ते वेबसाइटवर कसं करायचं असतं?

हिमानी : इथं लॉगइन करायचं. इथं हो, आणि दुसरीकडे जाऊन नाही.

प्रल्हाद : उद्यापर्यंत थांबायचं का? रात्रभर विचार करून?

हिमानी : थांबले तर तुम्ही सकाळी नवीन ओळी घालून आणाल.

प्रल्हाद : ते खरं आहे. कर मग.

हिमानी : केलं. आठला हो. आता सहाला नाही म्हणते... केलं. ती सीट आता वेटिंग लिस्टवरच्या कुणाला तरी जाईल.

शोभना : चांगलं झालं. कुणाच्या तरी घरी आज गोड करतील.

प्रल्हाद : फोन दे इकडे. हॅलो, श्रीराम? प्रल्हाद. हो, निघतोच आहोत. अरे, ते हिमानीच्या नावापुढे सहाचं आठ कर. आठ. नाही, चूक नाही झाली, आत्ताच ठरलं. मार्कांचं काही नाही रे, मार्क आहेत तिला. घेतलं होतं त्यांनी. हो, सहावाल्यांनीही घेतलं होतं. आम्ही नाही म्हटलं. कारण? कारण काही नाही. तिला जास्त शिकायचंय. बरं, तसं वाच. नाही, ‘दुर्दैवानं’ वाचू नकोस. नुसतं आठ वाच. ठेवतो.

शोभना : दुर्दैवानं?

प्रल्हाद : चांगल्या मनानं म्हणत होता. चला, साडी घाल गं. उशीर होतोय.

हिमानी : आई, चुणी राहू दे. सहा मिनिटांत कुणाला दिसणार नाहीये.

शोभना : दिसेल. आण इकडे, मी हातानं बसवते. आणि ऐक, आज मी मागच्या रांगेत बसते.

हिमानी : नको. पुढेच बस. पर्स मात्र बाबांकडे दे.

प्रल्हाद : हिमानी.

हिमानी : काय?

प्रल्हाद : चार वर्षांनी ते कॉलेज विचारेल, ते ठीक आहे. पण ते काय, एका चौकोनात खूण करायला सांगतील. तेव्हा मीही विचारणार आहे तुला. समोर बसवून.

हिमानी : विचारा ना.

प्रल्हाद : आणि तू खरं सांगायचंस.

हिमानी : ट्राय करेन.

प्रल्हाद : ट्राय म्हणजे काय?

हिमानी : दोनदा विचारा, बाबा. पहिल्यांदा मी हो म्हणेन.